रेमी आंटीचा डावा पाय

मागच्या डिसेंबरमध्ये प्रागच्या एका हॉटेलात मी रेमी आंटीचा डावा पाय वितळवला.

पाय मेणाचा होता हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही पोलिसांना फोन कराल. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. आमच्यात नवस बोलायचा तर जे दुखतंय किंवा जे हवंय, त्याची मेणाची प्रतिकृती देवाला वाहतात. पाय दुखतोय, पाय वाहा. घर हवंय, घर वाहा. व्हिसासाठी विमानसुद्धा मिळतं (हे मी पदरचं सांगत नाही). बांद्र्याच्या मोतमाउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत ही सगळी मंडळी टोपल्यांत ओळीने मांडलेली असतात. तिथून आंटीच्या बहिणीने पाय निवडला, सिडनीच्या विमानतळावर तो रीतसर डिक्लेअर झाला आणि स्कोफिल्ड्समधल्या आंटीच्या घरी अल्तारावर, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यावर, येऊन बसला.

रेमी आंटी आमच्यापासून तीन घरं सोडून, मुलगा-सुनेकडे राहते. वय चौऱ्याहत्तर. दर शुक्रवारी तिच्याकडे आम्हा वसईकरांची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, असते, आणि तिथे फादरपेक्षा तिचा शब्द जास्त चालतो. तिचा डावा गुडघा गेली चार वर्षं कामातून गेलाय. ऑपरेशनची तारीख दोनदा आली आणि दोनदा तिने ऐनवेळी घाबरून नाही म्हटलं. आता जानेवारीतली तारीख आली होती. हॉस्पिटलने स्पष्ट सांगितलं होतं, नाताळच्या आत हो कळवा, नाहीतर नाव यादीच्या शेवटी जाईल. आणि आंटी म्हणत होती, "माझा पाय प्रागच्या बाळ येशूच्या पायाशी पोचू दे. मग मी हो सांगते. तोवर नाही."

प्राग मध्येच कुठून आलं? माझ्यामुळे आलं.

खरं म्हणजे आम्ही दोघं, मी आणि माझा नवरा ब्रायन, लग्नाला वीस वर्षं झाली म्हणून फिरायला चाललो होतो. मुलगा आता युनिव्हर्सिटीत आहे, त्याला आमची आठवण फक्त वायफाय बंद पडलं की येते. मला एकदाचं थंडीतल्या नाताळचं वातावरण बघायचं होतं. सिडनीत नाताळाला चाळीस डिग्री, पंख्याखाली घाम पुसत मटण खायचं आणि खिडकीला कापसाचा बर्फ चिकटवायचा. मला खरा बर्फ हवा होता, नाताळचा बाजार हवा होता, आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन पुलावरून चालायचं होतं. पण चर्चच्या क्वायरमध्ये सगळ्यात मोठा आवाज माझा. ऐन नाताळाच्या तोंडावर प्रॅक्टिस बुडवून मी पुलावरून चालायला जातेय, हे रोझरीत कोणत्या तोंडाने सांगणार?

म्हणून मी म्हटलं, "यात्रेला चाललोय. प्रागला. बाळ येशूच्या त्या प्रसिद्ध देवळात."

ब्रायनने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याला न विचारता पाद्री व्हायला सेमिनरीत घातलं. आंटीचे डोळे मात्र भरून आले. तिच्या नवऱ्याने तिला प्रागला न्यायचं कबूल केलं होतं, आणि तो बिचारा पासपोर्ट काढायच्या आधीच गेला. ती उठली, भिंतीला धरून अल्तारापर्यंत गेली, पाय उचलला आणि माझ्या ओंजळीत ठेवला.

"बाय, तू नेशील ना नीट?"

"आंटी, तुम्ही अजिबात काळजी करू नका," मी म्हटलं. "माझं कामच ते आहे."

आणि हे खोटं नव्हतं! मी कॅसल हिलला एका फार्मसीत फार्मासिस्ट आहे. लसींचा फ्रिज माझ्याकडे असतो. दोन डिग्रीच्या खाली नाही, आठच्या वर नाही, दिवसातून दोनदा नोंद, सतरा वर्षांत एक लस वाया गेलेली नाही. हे मी आंटीला सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. परिणाम एवढाच झाला की पुढच्या शुक्रवारी गिरावीनच्या एका जोडप्याने मला मेणाचं घर आणून दिलं (त्यांच्या घराची परवानगी काउन्सिलमध्ये अडकली होती), आणि एकाने आईबाबांच्या व्हिसासाठी विमान.

निघायच्या दिवशी स्कोफिल्ड्सला एकेचाळीस डिग्री होतं. मी घर, विमान आणि पाय इन्सुलेटेड पिशवीत घातले, ती पिशवी एस्कीत, म्हणजे इकडच्या बर्फाच्या पेटीत, ठेवली, एस्कीत बर्फाच्या विटा लावल्या आणि वर फार्मसीचा थर्मामीटर खोचला. विमानतळापर्यंत ब्रायन गाडी चालवत होता आणि मी दर दहा मिनिटांनी आकडा वाचत होते.

"अकरा पॉइंट चार."

"अनिता, माझं बीपी पण बघतेस का?"

"तू रस्त्याकडे बघ."

विमानात पिशवी माझ्या मांडीवर. जेवण आलं तेव्हा पिशवी ब्रायनच्या मांडीवर, कारण माझी करी गरम होती. चोवीस तासांनी प्रागला उतरलो तेव्हा पायाच्या करंगळीलासुद्धा धक्का लागला नव्हता. बाहेर उणे सात. नाकातलं पाणी नाकातच गोठत होतं. मी ब्रायनला म्हटलं, "संपलं आपलं टेन्शन. आता वितळायचा प्रश्नच नाही." हे वाक्य आठवलं की आजही मला उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

सकाळी नऊला हॉटेलच्या खोलीत शिरलो. खोली गार पडलेली. आमच्या सिडनीत हिवाळा म्हणजे दोन स्वेटर आणि एक फुंकणारा हीटर, त्यामुळे युरोपातली खोली तापते कशी ते आम्हाला ठाऊक नव्हतं. खिडकीखाली भिंतीला लावलेली एक लांबलचक पांढरी पेटी होती. वर छान सपाट. बाजूला एक गोल बटण, त्यावर एक ते पाच आकडे.

"हा पंखा असेल," ब्रायन म्हणाला. तो आयटीत आहे. त्याला कुठलंही बटण दिसलं की तो फिरवतो. त्याने ते पाचवर नेलं. काहीच झालं नाही. आवाज नाही, वारा नाही. "बिघडलाय," त्याने निकाल दिला.

मी त्या सपाट जागेवर हात ठेवून बघितला. बर्फासारखी गार. मागे खिडकीची काच त्याहून गार. माझ्यातली फार्मासिस्ट जागी झाली. याच्याहून चांगला फ्रिज कुठे मिळणार? मी घर, विमान आणि पाय इन्सुलेटेड पिशवीतून बाहेर काढले (पिशवीत उगाच ऊब राहील म्हणून!), पेटीच्या वरच्या फळीवर काचेला टेकवून ओळीने मांडले आणि कोट चढवला.

आता खरी लाज वाटण्यासारखी गोष्ट. देऊळ तिथून चालत वीस मिनिटांवर होतं. आम्ही तेव्हाच पाय घेऊन गेलो असतो तर हे सगळं घडलंच नसतं. ब्रायनने विचारलंही, "आधी देवळात जाऊया का?" आणि मी, यात्रेकरू बाई, म्हणाले, "देऊळ कुठे पळून जातंय? आधी बाजार बघू."

बाजार बघितला. गरम वाईन घेतली. पुलावरून हातात हात घालून चाललो. बर्फ पडायला लागला तेव्हा मी तोंड उघडून जीभ बाहेर काढली, पंचेचाळीस वर्षांची बाई! ब्रायनने त्याचा व्हिडिओ केला. आम्ही दुसऱ्यांदा गरम वाईन घेतली. वीस वर्षांत इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

चारच्या सुमाराला परत आलो. तिथे चारलाच अंधारतं. खोलीचं दार उघडलं आणि आतून गरम वाफेसारखा लोट आला. त्यात मेणबत्त्यांचा मंद सुवास.

"वा," ब्रायन डोळे मिटून म्हणाला. "देवळासारखा वास येतोय."

मी दिवा लावला.

फळीवर घर नव्हतं. विमान नव्हतं. एक सपाट पिवळसर थाळी होती, तिच्यातून विमानाचा एक पंख वर आला होता आणि कडेला, अगदी शाबूत, पायाचा अंगठा. उरलेलं सगळं पेटीच्या पन्हाळ्यांतून ओघळत खाली गालिच्यावर उतरलं होतं. मी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पंखा नव्हता तो, हळूहळू तापणारा हीटर होता.

"तू बटण फिरवलंस," मी म्हटलं.

"तू त्याच्यावर ठेवलंस."

"तू पंखा म्हणालास!"

"पंख्यावर तरी पाय कोण ठेवतं?"

मी रडायला लागले. ब्रायन घाबरून रिसेप्शनला गेला आणि एका उंच, गंभीर बाईंना घेऊन आला. त्यांनी गालिचा बघितला, पेटी बघितली, मग चष्मा लावून तो अंगठा बघितला.

"व्हॉट वॉज इट?" त्यांनी विचारलं.

"अ लेग," मी म्हटलं.

त्या एक पाऊल मागे सरकल्या. मी घाईघाईने म्हटलं, "नॉट माय लेग. ॲन ओल्ड लेडीज लेग." याने परिस्थिती सुधारली नाही. शेवटी मी क्रूसाची खूण केली, गुडघा धरून कण्हले, हाताने विमान उडवून दाखवलं. बाईंनी शांतपणे सांगितलं की उद्या खरवडायला पाती घेऊन येते, आणि दार जरा जास्तच हळू ओढून घेतलं.

मेण गरम असतानाच आम्ही ते चमच्याने गोळा केलं आणि हॉटेलच्या शॉवर कॅपमध्ये भरलं. थंड झाल्यावर त्याचा एक गोळा झाला. एका बाजूने विमान निघालेलं, दुसऱ्या बाजूने अंगठा. घर आत कुठेतरी होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आंटीचा व्हॉइस मेसेज. तिकडे पहाट झाली होती, बाहेर कुकाबुरा पक्षी ओरडत होता. "बाय, पोचलात ना? पाय ठेवलास का गो? फोटो पाठव. हॉस्पिटलवाल्या पोरीला मी सांगितलंय, फोटो आला की हो कळवते. माझा मुलगा सारखा विचारतोय. मला रात्रभर झोप नाही."

ब्रायनने गोळा हातात घेऊन उलटसुलट बघितला. "अनिता, हाच ठेवूया. पाय यातच आहे. देवाला कळेल."

आज मला वाटतं, वीस वर्षांच्या संसारात माझा नवरा एवढं शहाणं एकदाच बोलला, आणि नेमकं तेव्हाच मी त्याला गप्प केलं. "देवाला कळेल रे," मी म्हटलं, "पण फोटो आंटीला जायचाय. हे बघून ती ऑपरेशन करेल? ती म्हणेल, बाळ येशूने माझा पाय वितळवून टाकला. आयुष्यात परत हॉस्पिटलचं तोंड बघणार नाही ती." आणि आतल्या आत मला दुसरंच दिसत होतं. सगळा रोझरी ग्रुप, आणि सतरा वर्षांत एक लस वाया न घालवलेली मी.

म्हणून नवा पाय बनवायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारातून मनगटाएवढी जाड मेणबत्ती आणली. ब्रायन म्हणाला, काळजी करू नकोस, लहानपणी गावात आमच्या नाताळच्या गोठ्यातल्या गायी मी स्वतः करायचो. (गायी मातीच्या होत्या, हे त्याने नंतर सांगितलं. आणि गोठ्यांच्या स्पर्धेत बक्षीस कधीच मिळालं नाही, हे त्याच्या आईने.) नाश्त्याची सुरी घेऊन तो कामाला लागला. अर्ध्या तासाने जे तयार झालं त्याला मुळा म्हणता आलं असतं.

"मला मॉडेल हवंय," तो म्हणाला.

"माझा पाय बघ."

"तुझा बारीक आहे. आंटीचा भरलेला आहे." असं म्हणून त्याने आपली पँट मांडीपर्यंत वर सारली, डावा पाय कपाटाच्या आरशासमोर लांब केला आणि आरशात बघून कोरायला लागला. मी समोर बसून सूचना देत होते. घोटा जरा पुढे, पोटरी गोल कर, अंगठा मोठा. दारावर टकटक झाली, उंच बाई पाती घेऊन आत आल्या, त्यांनी माझ्या नवऱ्याची उघडी मांडी, आरसा आणि सुरी बघितली, पाती खाली ठेवली आणि निघून गेल्या. गालिचा आम्हीच खरवडला.

दुपारी देवळात गेलो. बाळ येशू केवढासा, हातभरसुद्धा नाही, जांभळा झगा घालून काचेमागे उभा. मी गुडघे टेकले आणि त्याच्याकडे वर बघायचा धीर होईना. आपल्याकडे अशा देवळात मेणाच्या वस्तू ठेवायची जागा असते. इथे नव्हती. मेणबत्त्या होत्या, चिठ्ठ्या टाकायची पेटी होती, पण पाय कुठेच नव्हते. एक म्हातारे सेवक काका दिसले. मी पाय पुढे केला. त्यांनी तो बराच वेळ बघून इंग्रजीत प्रेमाने विचारलं, "शूज?"

मी पुन्हा माझं नाटक सुरू केलं. गुडघा धरला, तोंड वेडंवाकडं केलं, वर बोट दाखवलं. काका कळवळले. त्यांनी खुर्ची आणली, मला बसवलं, पाणी दिलं, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या धडधाकट गुडघ्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. ब्रायन खांबामागे तोंड फिरवून हसू दाबत होता. आंटीच्या वाटणीचा आशीर्वादसुद्धा मी घेतला. मग काकांनी तो पाय कठड्यावर फुलांच्या कुंडीजवळ ठेवू दिला आणि आम्ही फोटो काढला.

फोटो गेला. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. दहा मिनिटांनी आंटीचा फोन आला.

"बाय, पाय सुंदर दिसतोय. जरा लांब झाला का?"

"फोटोत लांब दिसतो, आंटी."

"बरं. आणि गो, हा उजवा आहे."

मी ब्रायनकडे बघितलं. त्याने आपल्या डाव्या पायाकडे बघितलं, मग हवेत आरसा धरल्यासारखा हात धरला आणि त्याचा चेहरा पडला.

"आंटी," मी म्हटलं, आणि प्रागच्या बाळ येशूपासून दहा हातांवर उभं राहून मी म्हटलं, "सेल्फी कॅमेऱ्याने फोटो उलटा येतो."

मग आंटी म्हणाली, "हो का? मला ते काही कळत नाही. तू सांगतेस म्हणजे तसंच असणार. मी आत्ता त्या पोरीला फोन करून हो सांगते."

तिला जरा शंका आली असती, तिने उलट विचारलं असतं, तर मला इतकं लागलं नसतं. पुढचे चार दिवस मी बर्फाकडे बघितलं नाही. पुलावरून चाललो तेव्हा ब्रायनने हात पुढे केला, तर मी खिशातून हात काढला नाही. "ऑपरेशन होतंय ना? झालं तर मग," तो म्हणत होता. "नंतर सावकाश सांगू." मलाही ते पटवून घ्यायचं होतं. पण तो मेणाचा गोळा फेकून द्यायचा धीर मला झाला नाही. आंटीचा अंगठा होता त्यात. सिडनीला उतरल्यावर तपासणीच्या अधिकाऱ्याने तो शॉवर कॅपसकट वर उचलला.

"व्हॉट हॅव वी गॉट हिअर, मेट?"

"घर, विमान आणि पाय," ब्रायनने इंग्रजीत खरं ते सांगितलं. अधिकाऱ्याने आमच्याकडे बघितलं, मेण आहे एवढी खात्री केली, "नो वरीज" म्हणाला आणि आम्हाला लवकर पुढे पाठवलं.

नाताळ गेला. मी क्वायरमध्ये नुसतं तोंड हलवत उभी राहिले. ऑपरेशनच्या आधीच्या शुक्रवारी आंटीने रोझरी ठेवली. बैठकीत वीसेक माणसं, एसी लावूनही सगळे घामाघूम. मी बॅगेत गोळा घेऊन गेले होते, का ते मलाही माहीत नव्हतं. रोझरी संपली आणि आंटी म्हणाली, "आता अनिता साक्ष देईल. माझा पाय तिने किती जपून नेला, ते सगळ्यांना कळू दे."

मी उभी राहिले. ब्रायन मान हलवून नको नको म्हणत होता. आंटी पहिल्या खुर्चीत, दुखरा पाय स्टुलावर ठेवून, माझ्याकडे हसून बघत होती. मी बॅगेतून शॉवर कॅप काढली आणि म्हटलं, "आंटी, तुमचा पाय हा आहे."

मग मी सगळं सांगितलं. यात्रा नव्हती, फिरायला गेलो होतो. देवळाआधी बाजारात गेलो. पंखा नव्हता, हीटर होता. फोटोतला पाय ब्रायनचा होता आणि तो उजवाच होता. बोलता बोलता मी रडत होते, आणि मधेच गिरावीनच्या जोडप्याने हळूच विचारलं, "आणि आमचं घर?"

"ते पायाच्या खाली आहे," ब्रायन म्हणाला.

कुणी हसलं नाही. आंटीने हात पुढे केला. मी गोळा तिच्या हातात दिला. तिने तो मांडीवर घेतला, आणि अंगठ्यावरून बोट फिरवत राहिली. तिचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा मी बघू शकले नाही. तिसऱ्यांदा ऑपरेशन गेलं, हेच त्याच्या मनात असणार, आणि ते माझ्यामुळे.

"बाय," आंटी शेवटी म्हणाली, "मग हाच का नाही ठेवलास तिथे? देवाला माझा पाय ओळखू आला नसता?"

मी मान खाली घातली. उत्तर होतं माझ्याकडे. फोटोत वाईट दिसलं असतं.

आंटीने गोळा बाजूच्या टेबलावर ठेवला, तोही नीट बघून, एसीच्या बाजूला. मग विचारलं, "देवळाला पायऱ्या किती आहेत?"

"आठ-दहा असतील."

"आणि रस्ता? चढ आहे?"

"पुलावरून चालत जावं लागतं, आंटी. दगडी रस्ता आहे."

"म्हणजे या गुडघ्याने जमणार नाही." ती मुलाकडे वळली. "हॉस्पिटलला कळव, मी येतेय. पाय धड असल्याशिवाय मी स्वतः जाऊ कशी? आता दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही."

ऑपरेशन झालं. चांगलं झालं. फिजिओ तिला म्हणते घरातल्या घरात चाला, आणि ही पार्कला तीन फेऱ्या मारून येते. रोज संध्याकाळी, मी फार्मसीतून येते त्याच वेळी, ती आमच्या दारावरून जाते आणि थांबून डावा गुडघा दाखवायला एक अर्धी उठाबशी काढते.

या डिसेंबरला आम्ही पुन्हा प्रागला चाललोय. लग्नाचा एकविसावा वाढदिवस. मी, ब्रायन आणि रेमी आंटी. परवा तिकिटं काढायला गेलो तेव्हा एजंट बाईने विचारलं, आंटींबरोबर मदतीला कुणी आहे का? आंटीने आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"हे दोघं आहेत," ती म्हणाली. "सामान उचलतील. ठेवायचं कुठे ते मी सांगेन."